विहिरीकडची बेसलाइन

लाल कोर्टावर काम करणाऱ्याच्या घरातली माती कधी संपत नाही. मोजे धुवा, पँटचा काठ झटका, बूट उंबऱ्याबाहेर काढा; सहा महिन्यांनी एखादा शर्ट घालावा तर खिशाच्या शिवणीतून चिमूटभर निघतेच. किस्स्यांचंही तसंच. आम्ही कुणी ते मुद्दाम जमवले नाहीत. अंगाला लागून घरी आले.

आमची स्पर्धा म्हणजे दिंद्रुडच्या बाहेर दरवर्षी थंडीत भरणारी महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा. मातीच्या कोर्टावरची. ज्या मुलींची नावं अजून पेपरात येत नाहीत, पण येतील असं त्यांच्या आयांना वाटतं, अशा मुली पाच-सहा देशांतून इथे येतात, आठवडाभर खेळतात, भाकरी थापतानाचा फोटो काढून घेतात आणि पुढच्या गावाला जातात. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. त्या एका आठवड्यात छातीवर ‘स्पर्धा संचालक’ असा बिल्ला लावतो.

यंदा आप्पांनी स्मरणिकेसाठी स्पर्धेचा इतिहास लिहायला सांगितला. आप्पा म्हणजे स्पर्धेचे संस्थापक. घाईचं कारण होतं. दिल्लीहून येणाऱ्या, टेनिस संघटनेच्या निरीक्षक मॅडमनी गेल्या वर्षी जाताना बजावलं होतं, “कोर्टावरच्या खुणांबद्दल आणखी एक तक्रार आली, तर मला ती रिपोर्टमध्ये लिहावी लागेल. मग ही माती उखडायची आणि निळं हार्ड कोर्ट करायचं.” हार्ड कोर्टावर खुणा उमटत नाहीत. सगळ्यांचीच सोय होती. माझी एकट्याची नव्हती.

इतिहास मी लिहिला. तो पाऊण पानात संपला.

“बस्स?” आप्पा म्हणाले. “इतक्या वर्षांचं पाऊण पान?”

“बाकीचं लिहिण्यासारखं नाही, आप्पा.”

“मग तेच लिहायचं की!”

स्मरणिका छापून झाली. हे तिच्यात न बसलेलं.

*

आप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. निवृत्तीनंतर माणसं शेततळं करतात, आप्पांनी टेनिस कोर्ट केलं. चारी बाजूंना काळी रानं आणि मधे हा लाल चौकोन. एसटीतून जाणारे लोक विचारायचे, “एवढी मिरची कुणी वाळत घातलीया?”

मातीचं कोर्ट म्हणजे खरं तर विटांचा बारीक चुरा. तो शेतात मिळत नाही. सिरसाळ्याकडे एक वीटभट्टी बंद पडली होती. तिथली माणसं एका पावसाळ्याच्या तोंडाशी निघून गेली, ती परत आलीच नाहीत. भाजलेल्या विटा जशा रचल्या तशा उभ्या. आप्पांनी त्या आणल्या. ट्रकमधून उतरवताना दिसलं की बऱ्याच विटांवर हातांचे ठसे आहेत. वीट ओली असताना ज्यांनी उचलली त्यांचे. सगळ्या विटा मशीनमध्ये दळल्या, चुरा पसरला, रोलर फिरवला. वर पाणी मारलं ते आवारातल्या विहिरीचं. ते इतकं खारट की जनावरं तोंड लावत नाहीत. पण खारट पाण्यानं माती धरून राहते, हे आप्पांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाचं दार उघडलं. कोर्ट आरशासारखं सपाट. आणि मधोमध एक पंजा. पाचही बोटं स्वच्छ. आजूबाजूला पावलाचा एकही ठसा नाही. रोलरवाल्यानं आईची शपथ घेतली की तो मी नव्हेच.

आप्पांनी टोपी काढली. मग म्हणाले, “सर, आपण वीट दळली. हात दळायचा राहिला!”

*

कोर्टाची देखभाल गयाबाईंकडे. घरची मेंढरं. निम्मं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलेलं, त्यामुळे जमिनीवरचा माग आपण पेपर वाचतो तसा वाचतात. पहिल्या वर्षी फायनलच्या दिवशी सकाळी त्यांच्या दिराचा कळप कोर्टावरून गेला. खुर्चीवरचे मुख्य पंच बर्वे पुण्याहून आलेले. त्यांनी कपाळावर हात मारला.

“हे कोर्ट आहे की कोंडवाडा!”

गयाबाई वाकून बघत होत्या. त्यांचं बर्व्यांकडे लक्षच नव्हतं. त्यांनी दिराला हाक मारली, “आरं, मेंढरं मोज! येक लंगडं विहिरीकडं गेलंय, ते परत आल्यालं दिसत न्हाई!”

विहिरीच्या पायरीवर एक लंगडं कोकरू खरंच बसलेलं सापडलं.

त्याच दुपारी सामन्यात वाद झाला. मातीवर बॉल पडला की खूण उमटते, आणि शंका आली की पंच खाली उतरून ती खूण बघतात. रेषेला शिवली असेल तर बॉल आत, नाहीतर बाहेर. बर्वे उतरले, तर दोन खुणा शेजारी-शेजारी! कुठली खरी? इतक्यात कुंपणाबाहेरून आवाज आला.

“अवो साहेब, डावीकडची मघाची हाय. कड वाळलीया तिची. आत्ताच्या खुनंची कड वल्ली असती.”

“बाई, पंच तुम्ही का मी?”

“पंच तुमीच. पर माग मला कळतो!”

बर्व्यांनी वाकून पाहिलं, निर्णय दिला आणि संध्याकाळी स्वतः जाऊन गयाबाईंना चहा दिला. त्या चहा पिताना म्हणाल्या, “साहेब, येक इचारू? आज कोर्टावर येक खून जास्त हुती. चेंडू न्हवता तिचा. झाडून काडली मी. कावून झाली आसंल?”

बर्वे पुण्याचे. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. त्या दिवशी त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून पडेपर्यंत धरून बसले.

*

शोभा माझी बायको. शाळेत पीटी शिकवायची आणि स्पर्धेत लाइन अंपायर असायची. विहिरीकडच्या बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, टोकाला तिची खुर्ची. पहिल्या वर्षापासून तीच रेषा, तीच खुर्ची. कुणी बदलायला सांगितलं तरी बदलायची नाही.

मिलेना नावाची एक परदेशी मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि भयंकर तापट. शोभानं तिचा बॉल आऊट दिला. ती रॅकेट घेऊन खुर्चीपाशी आली.

“आर यू शुअर?”

शोभा बसल्या जागेवरून म्हणाली, “यू हिट. आय सी.”

गावातल्या निम्म्या लोकांना इंग्रजी येत नाही, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या! बर्वे उतरले, खूण पाहिली, बॉल दोन बोटं बाहेर. पुढच्या वर्षापासून मिलेना येताना शोभासाठी चॉकलेटचा डबा आणायला लागली. मला त्यातलं एक मिळायचं.

शोभाची एक सवय होती. बॉल रेषेजवळ पडणार असं वाटलं की ती उजवी टाच मातीत रोवायची आणि समोरून मागे फिरवायची. दिवसअखेर खुर्चीपाशी ताटाएवढा अर्धगोल तयार व्हायचा. गयाबाई रोज जाळी ओढून कोर्ट सपाट करताना करवादायच्या, “बाई, खुर्चीखाली आंबा लावायचा हाय का? खड्डाच खंदलाय!”

“लावा की. फळ तुम्हालाच,” शोभा म्हणायची.

मातीच्या कोर्टाचा एक नियम आहे. पंचाचा निर्णय व्हायच्या आधी खेळाडूनं पायानं खूण पुसली, तर तिनं कॉल मान्य केला असं धरतात. हा नियम शोभानं घरी लागू केला होता. आमचं काही भांडण झालं आणि मी कंटाळून ‘जाऊ दे’ म्हणालो, की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “पुसलंस ना? म्हणजे मान्य केलंस!”

सव्वीस वर्षांत मी एकही कॉल जिंकलो नाही.

*

ज्या वर्षी स्पर्धा झाली नाही, त्या वर्षाला स्मरणिकेत मी एक ओळ दिली आहे. लॉकडाऊन होता. कोर्टाला कुलूप, किल्ली त्या वर्षी गयाबाईंकडे, जादाची आमच्या घरी. खेळणारं कुणी नव्हतं, तरी त्या रोज पाणी मारायच्या, जाळी ओढायच्या. म्हणायच्या, “माती बी जनावरावानी हाय. येक दिस बगितलं न्हाई तर वळख इसरती.”

दुसऱ्या लाटेत एका सकाळी त्यांचा फोन आला. मी अंबाजोगाईत होतो. फोन उचलला तर विचारपूस न करता सरळ तक्रार.

“सर, बाईला जरा सांगा! सकाळच्या पारी कोर्टावर येऊन गेल्या आन मला हाक बी मारली न्हाई? माझं घर का लांब हाय? च्या तरी पिऊन गेल्या आसत्या!”

“कोण आलं होतं?”

“बाई, दुसरं कोन! खुर्चीच्या जागंवर टाच फिरवून गेल्यात. म्यां काय वळखत न्हाई का तेवडं?”

दवाखान्याच्या आवारात बाकावर बसलो होतो आणि माझ्या हातात शोभाची चप्पल, चष्मा आणि घड्याळ असलेली पिशवी होती. ती मला पहाटे देण्यात आली होती.

“सांगतो,” म्हटलं.

*

पुढची स्पर्धा झाली तेव्हा शोभाच्या जागी लातूरची पल्लवी आली. हुशार मुलगी, नजर तीक्ष्ण. पहिल्या दिवशी तिसऱ्या सामन्यात एक बॉल विहिरीकडच्या बेसलाइनवर पडला. “आऊट!” असा कॉल आला, खणखणीत. बर्व्यांनी गुण दिला. गुण गमावलेल्या मुलीनं खूण बघायला लावली. बॉल बाहेर होता.

सामना संपल्यावर पल्लवी माझ्या टेबलापाशी आली. चेहरा उतरलेला.

“सर, माझी चूक सांगायची आहे. मघाशी मी कॉल दिलाच नाही.”

“म्हणजे?”

“मला शिंक येत होती. नाकावर रुमाल होता. मला वाटलं, समोरच्या अंपायरनं दिला.”

समोरच्या अंपायरला विचारलं. त्याला वाटलं होतं, पल्लवीनं दिला. बर्वे ऐकत उभे होते. त्यांनी आपली वही काढली, काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

“कॉल बरोबर होता ना?” ते म्हणाले. “मग झालं तर!”

पल्लवीनं मात्र दुसऱ्या दिवशी आपली खुर्ची हातभर बाजूला घेतली. मी कारण विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

“तिथं पाय ठेवायला जागा नसते, सर.”

*

तेव्हापासून अर्धगोल अधूनमधून उमटायला लागला. रोज नाही. गयाबाई जाळी ओढून कोर्ट सपाट करायच्या, कुलूप लावायच्या आणि सकाळी खुर्चीच्या जुन्या जागी तो असायचा. मी म्हणायचो, वारा असेल. भूगोलाच्या मास्तरानं वाऱ्यावर ढकलायचं नाही तर कशावर?

“वाऱ्याला टाच नसती, सर,” गयाबाई म्हणाल्या.

गेल्या वर्षी निरीक्षक मॅडमना तो दिसला. दोन खेळाडूंनी लेखी तक्रारही दिली होती: कोर्टावर कुणीतरी खुणा करतं. मॅडमनी गयाबाईंना फैलावर घेतलं. कोर्ट पूर्ण झाडायचं, हा नियम; मग एवढा तुकडा का सोडला?

गयाबाईंनी झाडू जमिनीला टेकवला. “सगळं झाडीन. ते न्हाई झाडायची. ज्येचं हाय त्येनं पुसावं.”

“कुणाचं आहे?” मॅडमनी मला विचारलं.

मी म्हणालो, “बघतो मी.” आणि बघितलंच फक्त. मॅडमची ती ताकीद त्यानंतरची.

*

आता यंदाची फायनल.

एका बाजूला अहमदाबादची ईशा, दुसऱ्या बाजूला मिलेना. मिलेना आता तिशीकडे आलेली, गुडघ्याला पट्टी, राग पार गेलेला. आल्या दिवशी तिनं चॉकलेटचा डबा माझ्या हातात दिला होता.

दुपारी चारचं ऊन. आप्पा पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी निरीक्षक मॅडम मांडीवर कागद घेऊन. आठवडाभर एकही तक्रार नव्हती. अर्धगोलही उमटला नव्हता. आणखी एक पॉइंट, मॅडमची सही, आणि माती वाचणार होती. ईशाचा मॅच पॉइंट. मिलेनानं शेवटचा जीव लावून बॉल मारला, तो विहिरीकडच्या बेसलाइनपाशी पडला आणि पल्लवीनं आऊट दिला. ईशानं रॅकेट हवेत फेकली.

मिलेनानं हात वर केला. “मार्क, प्लीज.”

बर्वे खुर्चीवरून उतरले, चालत गेले, वाकले. वाकलेलेच राहिले. मी संचालक म्हणून कोर्टाच्या कडेला होतो, त्यांनी मला बोटानं बोलावलं.

दोन खुणा होत्या. एक रेषेच्या बाहेर, चार बोटांवर. दुसरी रेषेला शिवलेली. आणि त्या दुसऱ्या खुणेभोवती, अगदी ताजा, एक अर्धगोल. ताटाएवढा. आजपर्यंत तो खुर्चीपाशी असायचा. रेषेवर पहिल्यांदाच.

“पल्लवी, हा तू काढलास?” बर्व्यांनी हळू विचारलं.

“मी खुर्चीवरून उठलेच नाही, सर.”

ते खरं होतं. खुर्चीपासून तिथपर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

बर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “बॉल आत. पॉइंट पुन्हा.”

मिलेना नेटपाशी थांबून बघत होती. दुसऱ्या बाजूची खूण बघायला नेट ओलांडायचं नसतं, तिनं ओलांडलं नाही. फक्त मान पुढे काढून तो अर्धगोल पाहिला आणि म्हणाली, “शोभा?”

एवढंच. मग ती वळून आपल्या जागी गेली.

निरीक्षक मॅडम खाली आल्या. बाई वाईट नव्हत्या. आवाज चढवला नाही.

“सर, फायनलमध्ये कोर्टावर कुणीतरी खूण केली, हे मला लिहावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.” मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. “निर्णय झालेला आहे. आता ही जागा साफ असेल, तर माझ्याकडे लिहायला काही राहत नाही. कोर्ट तुमचं आहे. तुम्ही ठरवा.”

गयाबाई झाडू घेऊन कुंपणाच्या दारात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. आप्पा खुर्चीवरून अर्धवट उठलेले. सगळं मैदान माझ्या बुटांकडे बघत होतं.

पुसावं तर माती राहणार होती. पुसू नये तर खूण राहणार होती, उद्यापर्यंत. मग खोऱ्यानं माती निघाली असती आणि वर निळा रंग.

माझ्या कानात तिचा कमरेवर हात ठेवलेला आवाज होता.

मी डावा पाय उचलला आणि पुसलं. दोनदा. पहिल्यांदा नीट गेलं नाही.

ईशानं पुढचाच पॉइंट घेऊन सामना जिंकला. बक्षीस समारंभ झाला, मॅडमनी रिपोर्टवर ‘कोर्ट उत्तम’ असं लिहून सही केली. आप्पांनी मला मिठी मारली. “माती वाचली, सर!” म्हणाले. मी घरी गेलो. बूट उंबऱ्याबाहेर काढले, पाय धुतले, जेवलो नाही, झोपलो.

सकाळी गयाबाई कोर्टाची किल्ली द्यायला आल्या. स्पर्धा संपली की किल्ली माझ्याकडे असते. मी दार उघडलं आणि त्यांनी किल्ली पुढे केली, पण हात तसाच राहिला. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, शहाबादी फरशीवर, लाल मातीचा अर्धगोल होता.

“माझ्याच पायानं आली असेल माती,” मी म्हणालो.

गयाबाई उंबऱ्याबाहेरच उकिडव्या बसल्या. बोट न लावता, मान तिरकी करून त्यांनी तो बघितला. कोर्टावर बघायच्या तसाच.

“काल तुमी डाव्या पायानं पुसलं, सर. ही उजवी टाच हाय.”

मी दाराच्या आतच एक पाऊल मागे सरकलो.

“तुमी हिला हात न्हाई ना लावला?”

“नाही.”

त्या आणखी खाली वाकल्या. पदर फरशीला टेकला.

“मंग हळू बोला,” त्या म्हणाल्या. “कड अजून वल्ली हाय.”